लहान मुलांना घेऊन गडावर जाताना

लहान मुलांसह सह्याद्रीतला एखादा गड चढायचे ठरले की बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघतो, तो 'कोणता गड?' हा. माझ्या मते त्याआधी मुलाच्या पायांना किती वेळ झेपेल हे ठरवावे आणि मग त्या वेळात बसणारा गड शोधावा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला माथ्याचे फारसे अप्रूप नसते. वाटेवरचा खेकडा, कातळात खोदलेल्या टाक्यातले बेडूक, तटाच्या जंगीतून, म्हणजे बंदूक रोखायच्या भोकातून, दिसणारे खालचे गाव हाच त्याचा गड असतो. या गोष्टींपाशी रेंगाळायला वेळ उरेल असा बेत आखला, तरच ते मूल पुढच्या वेळी आपण होऊन बूट घालून तयार होते.

वेळेचा हिशेब

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला एक ढोबळ हिशेब डोंगर चढणारे आजही वापरतात. चालण्याच्या दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्यात चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास, असा तो हिशेब आहे. सिंहगडाची आतकरवाडीकडून जाणारी पायवाट सुमारे अडीच-तीन किलोमीटरची असून तिचा चढ जवळजवळ ६०० मीटर भरतो, म्हणजे धडधाकट माणसाला ती दीड तासाची आहे. सहा-सात वर्षांचे मूल बरोबर असेल तर हा आकडा सरळ दुप्पट करावा आणि त्याहून लहान मूल असेल तर ही वाट पायी चढण्याचा आग्रहच धरू नये. सिंहगडावर थेट वरपर्यंत गाडीरस्ता आहे, ही गोष्ट कुटुंबासाठी फार सोयीची आहे, कारण पायी चढून थकलेल्या मुलाला गाडीने खाली आणता येते. असा दुसरा मार्ग ज्या गडाला नाही, तिथे जेवढे चढलो तेवढे उतरायचेही आहे, हे आधीच धरून चालावे. मोठी माणसे उतरताना भराभर उतरतात. दमलेली मुले तशी उतरत नाहीत, म्हणून परतीलाही चढाईइतकाच वेळ राखून ठेवावा.

ढोबळ अंदाज सांगायचा तर तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी थांबे धरून एकूण दोन तासांची, सहा ते नऊ वर्षांच्या मुलासाठी चार तासांची आणि त्यापुढच्या मुलांसाठी सवयीप्रमाणे पाच-सहा तासांची चाल पुरेशी आहे. मूल रोज मैदानावर खेळणारे असेल तर त्यात थोडी भर पडेल, नुकतेच तापातून उठले असेल तर बेत पुढे ढकलावा. निघण्यापूर्वी घड्याळातली एक परतीची वेळ मोठ्यांनी आपसांत पक्की करावी. सकाळी सातला चढायला लागलो आणि साडेनऊ ही वेळ ठरली असेल, तर साडेनऊला पहिल्या दरवाजापाशी असलो तरी तिथूनच मागे फिरावे. आधी ठरवलेली वेळ नसेल, तर 'आता एवढे आलोच आहोत' हा विचार हमखास बळावतो आणि भर उन्हात किंवा मावळतीला रडणाऱ्या मुलाला खांद्यावर घेऊन घसाऱ्यावरून उतरण्याची पाळी येते. डिसेंबरात पुणे-लोणावळा परिसरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी चढाई सुरू करण्याचा बेत मुलांसह मुळातच करू नये.

गड निवडताना

मुलांसाठी योग्य गडाच्या खुणा अशा: पायथ्याशी वस्ती आहे, वाट मळलेली आणि रुंद आहे, अर्ध्यावरून परत फिरता येते, माथ्यावर सावली किंवा आडोसा आहे आणि कुठेही हात-पाय लावून कातळ चढावा लागत नाही. लोणावळ्याजवळचा कोरीगड या सगळ्यांत चांगला बसतो. पेठ शहापूरच्या बाजूने पायऱ्या आहेत, माथा पटांगणासारखा सपाट आहे, वर तळी आहेत, कोराई देवीचे मंदिर आहे आणि तटावरून गडाला जवळजवळ पूर्ण फेरी मारता येते. जुन्नरचा शिवनेरीही उत्तम आहे. पायऱ्यांची वाट, एकामागून एक सात दरवाजे, शिवाई देवीचे मंदिर, गंगा-जमुना टाकी आणि शिवजन्माची जागा, असे पाहण्यासारखे इतके आहे की मुले चढ विसरतात. मात्र त्याच गडाची साखळीची वाट मुलांसाठी नाही. नाशिककरांना रामशेज जवळचा आहे. चढ थोडा आहे आणि मोगली फौजेला वर्षानुवर्षे झुंजवणारा गड म्हणून त्याची गोष्टही सांगता येते, पण माथ्यावरचे कडे उघडे असल्याने तिथे मुलांचा हात सोडू नये.

आजकाल हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्यांवर किंवा कलावंतीण दुर्गावर चिमुकल्यांना चढवल्याची छायाचित्रे कौतुकाने पसरवली जातात. मला हे अजिबात पटत नाही. त्या पायऱ्यांवर मोठ्या माणसाचा पाय सटकला तरी सावरायला जागा नाही, आणि खालून-वरून येणाऱ्या गर्दीत मुलाला धरून उभे राहण्याइतकीही रुंदी मिळत नाही. तेथे मूल शौर्य दाखवत नसते. त्याच्या वतीने जोखीम आपण उचललेली असते. कळसूबाईची गोष्ट थोडी वेगळी आहे. १६४६ मीटर उंचीचे हे राज्यातले सर्वोच्च शिखर असल्याने मुलांना तिथे जाण्याची ओढ असते आणि कठीण टप्प्यांवर लोखंडी शिड्याही आहेत, परंतु बारी गावातून होणारी चढाई लांबलचक आहे. दहा-अकरा वर्षांच्या, चालायची सवय असलेल्या मुलालाच तिथे न्यावे.

पहिल्या गडाआधी घराजवळच्या टेकडीवर दोन-तीन फेऱ्या झालेल्या असाव्यात. पुण्यात पर्वती आणि वेताळ टेकडी, मुंबईत राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी, नाशकात पांडवलेणी अशा जागा त्यासाठीच आहेत. या फेऱ्यांमधून बूट कुठे चावतो, मूल किती वेळाने पाणी मागते, चढावर चिडते की उतारावर घाबरते, हे आपल्याला घरापासून दूर न जाता कळते.

ऋतू

मुलांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. ऑक्टोबरात डोंगर हिरवा-पिवळा आणि सुंदर दिसतो, पण ऊन कडक असते आणि वाळू लागलेल्या गवताची कुसळे मोज्यांत शिरून मुलांना रडकुंडीला आणतात. तेव्हा पायभर विजार घालून ती मोज्यांत खोचावी. मार्चनंतर सकाळी नऊलाच कातळ तापू लागतो.

पावसाळ्यातल्या सहलींचा मोह सर्वांत मोठा असतो, म्हणून त्याबद्दल स्पष्टच लिहितो. शेवाळलेल्या पायऱ्या, धुके आणि सुटीच्या दिवशी अरुंद दरवाजांत कोंडणारी गर्दी हे तीन धोके मुलांसह एकत्र आले की अनुभवी माणसाचाही निरुपाय होतो. धबधब्याचा आणि ओढ्याचा धोका याहून मोठा आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. वरच्या अंगाला पाऊस कोसळला की आपण उभे आहोत तिथे ऊन असले तरी काही मिनिटांत लोंढा येतो, आणि गुडघाभर वेगवान पाणी मोठ्या माणसालाही पाडते. त्यामुळे पावसाळ्यात मुलांना वाहत्या ओढ्यातून पलीकडे नेऊ नये, वाटेत ओढा लागत असेल तर तो गड त्या दिवशी सोडावा आणि जिल्हा प्रशासनाने बंदी घातली असेल तर आडवाटेने जाण्याचा विचारही करू नये. पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना, म्हणजे वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत, दुपारनंतर विजा होतात. ढग गडगडू लागले की उघडा माथा, एकटे झाड आणि लोखंडी कठडा सोडून खाली निघावे.

सामान आणि खाणे

बूट नवे नकोत. निघण्यापूर्वी निदान आठवडाभर ते मुलाने शाळेत किंवा खेळताना वापरलेले असावेत, तळवा रबरी आणि खाचांचा असावा आणि पायाची नखे आदल्या दिवशी कापलेली असावीत. वाढलेल्या नखाचा त्रास चढताना होत नाही, उतरताना बोट बुटाच्या टोकावर आदळले की होतो. चप्पल, क्रॉक्स, गुळगुळीत तळव्याचे फॅन्सी बूट घरी ठेवावेत. मोज्यांचा एक जादा जोड, टोपी, पातळ स्वेटर किंवा वाऱ्याचे जाकीट आणि कपड्यांचा एक पूर्ण जोड घ्यावा. मुलाच्या पाठीवर त्याचीच छोटी पिशवी द्यावी, कारण त्यामुळे त्याला आपण या मोहिमेतले एक आहोत असे वाटते. पण तिचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नसावे. अर्धा लिटर पाणी, थोडा खाऊ, शिट्टी आणि पालकांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी एवढे त्यात पुरे.

डोंगरावर मुलांना भूक थोडी-थोडी आणि वारंवार लागते. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, गूळ-दाणे, खजूर, दशमी, थालीपीठ, काकडी आणि संत्री हे पदार्थ उन्हात टिकतात आणि चालता-चालता खाता येतात. चिप्स आणि कुरकुऱ्यांनी तहान वाढते, पोट मात्र भरत नाही. दर अर्ध्या तासाने, मागो न मागो, मुलाला चार घोट पाणी द्यावे. जलसंजीवनीची (ओआरएसची) पुडी बरोबर असावीच. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवले की काम भागते. गडावरच्या टाक्यांचे पाणी मुलांना तसेच पाजू नये. वरच्या झोपडीत ताक, पिठलं-भाकरी मिळणार असली तरी सुटीच्या दिवशी ते संपलेले असू शकते, म्हणून एका जेवणाची शिदोरी आपली आपण न्यावी.

चालता न येणाऱ्या बाळाला न्यायचे असेल तर ते मान पूर्ण धरणारे आणि आधाराशिवाय बसणारे असावे. पाठीवरच्या कॅरियरमध्ये बसलेले बाळ स्वतः हालचाल करत नसल्याने चालणाऱ्याला घाम येत असताना त्याला थंडी वाजू शकते, तर उन्हात चालणाऱ्याच्या आधी त्याचे डोके तापते. त्याची मान, हात आणि पाय दर थांब्याला चाचपावेत. कारवीच्या दाटीतून जाताना आपल्या डोक्याच्या वर आणखी एक डोके आहे याचे भान ठेवावे, आणि पाठीवर बाळ असताना शिडी किंवा कातळटप्पा चढू नये.

वाटेवर

सर्वांत पुढे एक मोठा माणूस, सर्वांत मागे एक मोठा माणूस आणि मध्ये मुले, हा क्रम शेवटपर्यंत मोडू नये. चालीचा वेग सर्वांत लहान मुलाने ठरवावा. चढावर कुरकुर सुरू झाली की 'आलाच गड, पाचच मिनिटं' असे सांगण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती सोडावी. पाच मिनिटांनी गड आला नाही की मुलाचा आपल्या शब्दावरचा विश्वास उडतो, आणि पुढे एखाद्या कड्यापाशी 'थांब' म्हटल्यावर त्याने क्षणात थांबायला हवे असते, तेव्हा हाच विश्वास कामी येतो. त्याऐवजी डोळ्यांना दिसणारी खूण द्यावी: 'त्या आंब्यापर्यंत जाऊ आणि तिथे संत्रं सोलू.' दम लागल्यावर थांबण्यापेक्षा दम लागण्याआधी थांबावे. दोन-तीन मिनिटांचे थांबे पुष्कळ घ्यावेत. कुरकुरणाऱ्या मुलाहून एकाएकी गप्प झालेल्या मुलाकडे अधिक लक्ष द्यावे. बोलणे थांबणे, सपाट वाटेवर ठेचकाळणे, तोंड लाल होणे किंवा डोके दुखते असे सांगणे ही थकव्याची आणि उन्हाची लक्षणे असतात. अशा वेळी सावलीत बसवून पाणी द्यावे, मान व काखा ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि बेत तिथेच संपवावा. उलट्या होऊ लागल्या किंवा मूल गुंगल्यासारखे दिसले तर ते थेट दवाखान्यात नेण्याचे काम आहे.

उंच पायरीवर मुलाला वर घेताना आपण सहज त्याचा पंजा किंवा मनगट धरून ओढतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या कोपराचा सांधा अशा हिसक्याने निसटू शकतो. मग मूल हात लुळा सोडून रडते आणि तो हलवू देत नाही. म्हणून मुलाला नेहमी दोन्ही काखांखाली धरून उचलावे, किंवा मागून कंबरेला आधार देऊन त्यालाच चढू द्यावे.

लोणावळ्याजवळच्या लोहगडाच्या पायऱ्यांवर याची पदोपदी गरज पडते. हा गड मुलांसाठी मला विशेष आवडतो. मळवलीहून भाजे गावामार्गे पायी येण्याऐवजी लोहगडवाडीपर्यंत गाडीने यावे आणि तिथून पायऱ्या धराव्यात. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे वळणा-वळणाने येतात. पुढचा दरवाजा आधी कोणाला दिसतो, अशी पैज लावावी. दरवाजांतल्या देवड्यांमध्ये बसून पाणी प्यावे आणि पहारेकरी इथेच का बसत असतील, हे मुलांनाच विचारावे; वाट अशी का वळवली असेल, हे ती बहुधा आपली आपण सांगतात. वर लक्ष्मी कोठी आणि सोळाकोनी तळे पाहून विंचूकाटा मात्र गडावरूनच दाखवावा. त्या अरुंद सोंडेकडे जाताना छोटा कातळटप्पा उतरावा लागतो आणि वाराही जोराचा असतो. लोहगड आणि शिवनेरी हे दोन्ही गड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहेत. भिंतीवर नाव कोरायचे नाही, तटाचा सुटा दगडही ढकलायचा नाही, हे चढण्याआधी सांगावे. सुटा दगड खालच्या वळणावरच्या माणसाच्या डोक्यात जातो.

कड्याचा नियम एकच असावा आणि तो मोठ्यांनीही पाळावा: मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय कड्यापासून दहा पावलांच्या आत कोणी जायचे नाही, आणि खाली डोकावायचे असेल तर आधी बसायचे. कडेकडेने वाट असेल तर दरीच्या बाजूला मोठ्या माणसाने चालावे. छायाचित्रासाठी मुलाला तटाच्या किंवा बुरुजाच्या कडेवर बसवू नये. मूल चुकलेच तर त्याने जागेवरच थांबावे आणि शिट्टी वाजवत राहावे, हे घरी खेळ म्हणून करून घ्यावे.

लघवी-शौचासाठी टाकी आणि ओढा यांपासून निदान साठ-सत्तर पावले दूर जावे, खुरपीने वीतभर खड्डा करून बुजवावा आणि वापरलेले डायपर व कागद पिशवीत घालून घरी आणावेत. गडावरच्या कित्येक टाक्यांतले पाणी तिथे राहणारी माणसे पितात, तेव्हा मुलांना त्यांत पाय सोडून बसू देऊ नये.

मोहोळ, साप, माकडे

सह्याद्रीच्या कड्यांवर आणि लेण्यांच्या छतांना आग्या मोहोळ असते. कर्नाळ्यासारख्या ठिकाणी माश्यांनी माणसांवर हल्ले केल्याचे प्रसंग घडलेले आहेत. मुलांना अत्तर किंवा उग्र वासाचे तेल लावू नये, मोहोळाखाली आरडाओरडा, धूर आणि दगड तर नाहीच नाही. माश्या उठल्या तर मुलाचे डोके आणि तोंड चादरीने किंवा जाकिटाने झाकून, हात न झटकता, त्या जागेपासून लवकर लांब जावे, पण वाट कड्याकडे जात नाही एवढे पाहावे. नांगी नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच काढावी. अंगावर गांधी उठणे, ओठ-चेहरा सुजणे, श्वासाला त्रास होणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.

फुरसे हा विषारी साप दगडांखाली असतो, त्यामुळे मुलांनी दगड उलथून पाहू नयेत, तटाच्या फटीत हात घालू नये आणि गवतात बसण्याआधी जागा काठीने आपटून घ्यावी. साप चावलाच तर दंशाची जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. मुलाला चालू न देता, चावलेला अवयव फळीने किंवा काठीने स्थिर करून, उचलून खाली आणावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस असते. आपल्या गडाजवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे आहे, हे निघण्याआधीच पाहून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसह इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. डोंगरात रेंज जाते, म्हणून कोणत्या गडावर, कोणत्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत, हे घरी आणि पायथ्याच्या गावातल्या एखाद्या घरी सांगून जावे. अडचणीत पहिल्यांदा धावून येतात ती याच वाड्यांतली माणसे आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांतले कार्यकर्ते. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नये, एवढे त्यांच्यापुरते पुरे.

उतरताना आणि घरी आल्यावर

पाय घसरण्याचे बहुतेक प्रसंग उतारावर घडतात. चढताना सगळ्यांचे लक्ष असते. उतरताना मोठी माणसे गप्पांत रमतात आणि मुले पळत सुटतात. मुरमाड उतारावर मोठ्या माणसाने मुलाच्या खालच्या अंगाला राहावे, मुलाने गुडघे किंचित वाकवून आणि पावले आडवी टाकत उतरावे, आणि अगदीच घसरडे असेल तर बसून सरकायला लाज वाटू देऊ नये. माथ्यावर पोट भरून जेवण झाले असेल तर निघण्याआधी अर्धा तास मुलांना सावलीत लोळू द्यावे. बुटांच्या नाड्या उतरण्याआधी पुन्हा, घोट्यापाशी जरा घट्ट बांधाव्यात.

घरी आल्यावर काखा, मांड्यांचे सांधे आणि कानांमागची जागा गोचिडीसाठी तपासावी, पायांना फोड आले असतील तर न फोडता झाकावेत आणि रात्री लवकर जेवायला घालून झोपवावे. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखणे स्वाभाविक आहे, पण ताप आला किंवा मूल एखाद्या पायावर भार टाकायलाच तयार नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. पुढचा गड दोन-तीन आठवड्यांनी ठेवावा, आणि तो कोणता हे ठरवताना चार-पाच योग्य नावे मुलासमोर ठेवून निवड त्याला करू द्यावी.